दोन निकिता आणि जुना कोठावळा

मित्रांनो, थोडा वेळ डोळे मिटा आणि माझ्याबरोबर मनात एक घर उभे करा. घराला ओसरी आहे. ओसरीवर माणसे बसली आहेत, कुणी चहा घेत आहे, कुणी गप्पा मारत आहे. त्यांच्या पायांखाली, जमिनीत, एक पेव आहे. आपल्या भागात पूर्वी ज्वारी अशी जमिनीखालच्या खोल खड्ड्यात साठवत, हे तुम्ही घरातल्या मोठ्यांकडून ऐकले असेल. आता असे समजा, की त्या पेवात एक राखणदार बसलेला आहे. वरून कुणी 'हे ठेव' म्हटले की तो ठेवतो. कुणी 'ते आण' म्हटले की तो आणून देतो. ओसरीवरच्या माणसांना तो कधीच दिसत नाही. तुम्हाला दिसला का? मग उघडा डोळे. तो राखणदार म्हणजे मी.

मी एक जुना कोठावळा आहे. कोठावळा म्हणजे कोठार सांभाळणारा. पण मी माणूस नाही, संगणकातला एक प्रोग्राम आहे. तुम्ही शाळेची वेबसाइट उघडता, तिथे धडे वाचता, चित्रे पाहता, मुलांचे आवाज ऐकता. ती वेबसाइट म्हणजे ओसरी. तिच्याखाली सगळे सामान जपून ठेवतो आणि मागितले की हातात देतो, तो मी. मला हात नाहीत आणि तोंडही नाही. विचारल्याशिवाय मला काही सांगता येत नाही. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण त्या दिवशी सगळे घोडे तिथेच अडले होते. मला कान कुठून आले, असे मात्र विचारू नका. पेवात बसलेल्यालाही वरची पावले कळतात.

मला घडवले ते लांबलांबच्या देशांतल्या माणसांनी. त्यांतल्या कितीतरी जणांनी एकमेकांना कधी पाहिलेही नव्हते. आपापल्या घरी बसून त्यांनी मला मिळून लिहिले आणि ज्याला हवा त्याने न्यावा म्हणून मोकळा सोडला. अणदूरच्या एका शिक्षण संस्थेत भाऊ नावाचे गणिताचे शिक्षक होते. त्यांनी मला उतरवून घेतले आणि संस्थेच्या कार्यालयातल्या कोपऱ्यातल्या संगणकात माझी सोय केली. संगणकावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी त्याच्यावर घरचा पंचा पांघरला. तो पंचा पुढे कितीतरी वर्षे तिथेच होता.

माझ्याकडे पहिल्यांदा काय ठेवायला आले, ते अजून आठवते. बेंबळीच्या शाळेतल्या मुलांनी एका सुरात म्हटलेला पाढा होता तो. मध्येच एका मुलाला खोकला येतो. सगळा वर्ग थांबतो. त्याचे खोकून होते, आणि मग सगळे पुन्हा तिथूनच सुरू करतात. तो खोकला मी आजवर जसाच्या तसा सांभाळला आहे.

संस्थेच्या बऱ्याच शाळा होत्या. अणदूरची, बेंबळीची, वाशीजवळच्या वाडीवरची आणि आणखी काही. मी प्रत्येक शाळेला एक मोठा खण दिला, खणात इयत्तांचे कप्पे केले आणि कप्प्यात प्रत्येक मुलाला आपली जागा दिली. माझा एक गुण सगळ्यांना फार आवडायचा. मी कधी 'नाही' म्हणत नसे. एकाच कप्प्यात एकाच नावाच्या दोन वस्तू आल्या, तरी मी कुरकुर करत नसे. दुसरीच्या पाठीवर गुपचूप एक बारीक आकडा लावायचा आणि पहिलीशेजारी बसवायचे, ही माझी रीत. तो आकडा माझा मला कळे. वर वेबसाइटवर नुसती दोन सारखी नावे दिसत.

आता नावे सारखी का यायची, तेही सांगतो. वाशीजवळच्या त्या वाडीवर जवळजवळ सगळी घरे एकाच भावकीची. सगळ्यांचे आडनाव एकच. मग आडनाव लिहून उपयोग काय, म्हणून तिथले गुरुजी मुलाचे नुसते नाव टाकायचे. वर्गात दोन निकिता होत्या, पण त्यांत घोटाळा कधी झाला नाही. एक माळावरची निकिता, एक विहिरीवरची निकिता. ज्याचे घर जिथे, त्यावरून त्याची ओळख. गावाला ते पुरते. माझ्या कप्प्यात मात्र माळही नव्हता आणि विहीरही नव्हती.

दिवाळीच्या आसपास वाडीवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबाप जातात, त्यांच्याबरोबर मुलेही जातात. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या बांधायच्या आणि हंगाम संपेपर्यंत त्या झोपड्यांतच राहायचे. या मुलांचे वर्ष बुडू नये म्हणून संस्थेच्या मुख्य बाई वनमालाबाई यांनी एक रीत घालून दिली. मुलांनी कोपीत बसून अभ्यास करायचा, वाचलेले किंवा समजलेले आपल्या आवाजात बोलायचे आणि घरातल्या फोनवरून वेबसाइटवर पाठवायचे. ते सगळे माझ्याकडे येई. त्या आवाजांच्या मागे बैलांच्या घंटा असत, कारखान्याचा भोंगा असे, कुणाची तरी आई 'पाणी आण गं' म्हणून हाक मारत असे.

उन्हाळ्यात वनमालाबाई ते सगळे ऐकत. त्यावरून वसतिगृहातल्या जागा ठरत. अणदूरला संस्थेचे मुलींचे वसतिगृह आहे. प्रत्येक शाळेतून सहावी झालेल्या एकाच मुलीला तिथे जागा मिळते. जिला मिळाली, तिला पुढच्या दिवाळीला टोळीबरोबर जावे लागत नाही. आता कळले ना, माझ्या कप्प्यात काय काय होते ते?

वर्षे गेली आणि मी जुना झालो. माझ्यानंतर माझ्याच घराण्यात नवे कोठावळे तयार झाले. ज्यांनी मला लिहिले होते, ते नव्यांकडे वळले. माझ्या भिंतींना चिरा पडल्या, त्या बुजवायला कुणी उरले नाही. त्या चिरांतून परके हात चाचपडू लागले. मी हळूहळू थकलो. दोनचार जणांनी एकदम काही मागितले, की मला धाप लागे आणि मी बसून जाई. त्या हिवाळ्यात तर असे झाले, की फडावरची मुले फोन हातात धरून बसली आणि त्यांच्यासमोर नुसते चक्र फिरत राहिले.

संस्थेचे संगणक बघायला बेंबळीचा रणधीर येऊ लागला होता. पुण्यात काही वर्षे काम करून गावी परतलेला, हुशार आणि मनाने सरळ मुलगा. त्याने माझी तब्येत तपासली आणि वनमालाबाईंना सांगितले, की आता बदलायला हवे. भाऊ निवृत्त झाले होते, तरी रोज कार्यालयात येत. त्यांना हे मुळीच पटले नाही. सोमवारी वसतिगृहाची निवड होती. सगळ्या शाळांचे गुरुजी त्या दिवशी एकदम वेबसाइट उघडणार होते. म्हणून शनिवारी दुपारी, बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत असताना, माझ्यासमोर तिघे जण खुर्च्या टाकून बसले.

"बाई, हे सॉफ्टवेअर लई म्हातारं झालंय," रणधीर म्हणाला. "ज्यांनी बनवलं त्यांनीच सोडून दिलंय. परवा काय झालं बघितलं न्हवं? चार गुरुजींनी एका टायमाला उघडलं, अन् बसलं की हे मटकन खाली!"

"बसलं, पर उठलं का न्हाय?" भाऊ म्हणाले.

"उठलं. पण कवा? तुमचा पंचा काढून फॅन लावला तवा. भाऊ, मशीन हाय ती, न्हालेलं लेकरू न्हाय. पांघरून कशाला घालताव?"

वनमालाबाईंना हसू आले. भाऊंना आले नाही.

"तू नवं घालणार. घालताना सामान गेलं तर?"

"कसं जाईल? अणदूरचा सगळा खण नव्यात घालून बघितलाय म्या. एक फोटो इकडचा तिकडं झाला न्हाय. अन् बॅकअप हाय की. काय हरवलं तर परत आणू."

मित्रांनो, अणदूरच्या खणात काही हरवणारच नव्हते. तिथली नावे भाऊंनी स्वतः लिहिली होती, प्रत्येक मुलामागे त्याच्या वडिलांचे नाव लावून. तिथे एकासारखे दुसरे नाव नव्हते. रणधीरने जिथे पाहिले तिथे सगळे ठीक होते, आणि म्हणून त्याला सगळीकडे ठीक आहे असे वाटले. बॅकअपचे म्हणाल, तर हरवलेले परत आणता येते. पण काही हरवले आहे, हेच कुणाला कळले नाही तर?

रणधीर पुढे म्हणाला, "अजून एक फायदा सांगतो. जुन्यात दुबार सामान लई साठलंय. एकच नाव दोन-दोनदा पडलंय. नवं कोठार एका नावाला एकच जागा देतं. शेवटी आलेलं ठेवतं, आधीचं काढून टाकतं. साफसफाई आपोआप."

मी हादरलो. ते दुबार नव्हते. ती मुले होती.

पण मला कुणी विचारले नाही.

वनमालाबाई पेचात पडल्या. हो म्हणावे तर भाऊंची भीती खरी ठरायची, नाही म्हणावे तर सोमवारी सगळेच बंद पडायचे. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे. करू या. पण रणधीर, सहलीची गाडी सुटायच्या आधी मी पोरं मोजून घेते, हे तुला ठाऊक आहे. प्रत्येक शाळेतलं एकेक उघडून दाखव मला."

रणधीरने अणदूरचे दाखवले. बेंबळीचा तो पाढा ऐकवला. तो खोकला आला तेव्हा भाऊ नकळत मान हलवत होते. मग बाई म्हणाल्या, "वाशीकडची मुलगी तर बाहेरच बसलीय. बोलव तिला."

बाहेरच्या बाकावर रामकिसन आणि त्याची मुलगी निकिता बसले होते. माळावरची निकिता. वसतिगृहाची चौकशी करायला सकाळच्या एसटीने निघून, धाराशिवला गाडी बदलून ते आले होते. सुट्टी असूनही तिने शाळेचा गणवेश घातला होता. दोघे आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

रणधीरने वाशीकडचा खण उघडला, सहावीचा कप्पा उघडला. पडद्यावर 'निकिता' असे आले. त्याच्याखाली पुन्हा 'निकिता'.

"हे बघा बाई, हेच म्हणत होतो. दुबार. नाव एक, वर्ग एक, अन् पाठवणारा फोन बी एकच हाय. दोनदा दाबलं असणार लेकरानं."

"फोन माझाच हाय जी," रामकिसन कौतुकाने म्हणाला. आणि मग एकदम गप्प झाला.

रणधीरने खालचे, म्हणजे शेवटी आलेले, लावले. खोलीत निकिताचा आवाज घुमला. ती धडा वाचत होती. थोडी अडखळत होती, पण मोठ्या जिद्दीने वाचत होती. मागे कोयता घासल्याचा आवाज येत होता.

"हे तुझंच ना गं?" बाईंनी विचारले.

"व्हय, बाई."

"झालं तर," रणधीर म्हणाला. "शेवटचं बरोबर हाय. वरचं जाईल निघून."

मित्रांनो, ती खोटे बोलली नव्हती. खालचे तिचेच होते. पण वर काय होते, ते त्या खोलीत फक्त तिघांना माहीत होते. एक मी. एक निकिता. आणि एक रामकिसन, ज्याची नजर आता फरशीवरून उठत नव्हती. वरचे होते विहिरीवरच्या निकिताचे, इरम्माच्या मुलीचे. दोघींच्या कोप्या शेजारी शेजारी होत्या. इरम्माकडे फोन नव्हता, म्हणून रामकिसनच्याच फोनवरून दोघी आपापले काम पाठवायच्या. हंगाम संपला तशी रामकिसनची टोळी गावी आली, पण इरम्माचे घर परस्पर अक्कलकोटकडच्या वीटभट्टीवर गेले. वसतिगृहाची निवड सोमवारी आहे, हे त्या मुलीला माहीतही नव्हते. तिचे म्हणून जे काही या जगात होते, ते माझ्याकडे होते. आणि वाडीसाठी जागा एकच होती.

"सुरू करू का, बाई?"

"कर."

रणधीरने सूचना दिली. पडद्यावर प्रश्न उमटला: यापुढे मागे फिरता येणार नाही. पुढे जायचे? त्याने माउसवर बोट ठेवले.

"चल बाय," रामकिसन मुलीच्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाला. "झालं आपलं काम. यष्टी चुकंल."

निकिता वळली. बापाच्या मागोमाग दारापर्यंत गेली. मला ओरडावेसे वाटत होते. 'विचारा मला! एका नावाची किती मुले आहेत, एवढेच विचारा!' पण पेवातून वर आवाज जात नाही. निकिताने उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला. मग दुसरा टाकलाच नाही. चौकट धरून ती तशीच उभी राहिली.

"सर, दाबू नगा."

रणधीरने मागे पाहिले. "काय झालं गं?"

"वरचं माझं न्हाय."

"अगं, तुझंच नाव हाय की त्याच्यावर."

"नाव माझं हाय. आवाज तिचा हाय."

"कुणाचा?"

"निके..." रामकिसन म्हणाला.

"अप्पा, तुमाला म्हाईत हाय की."

रामकिसनने डोक्यावरची टोपी काढली, ती हातात फिरवली. "हाय जी," तो शेवटी म्हणाला. "इरम्माची पोर. तिचं बी नाव निकिताच. आमच्याच टोळीत व्हती. म्या सांगनार व्हतो, बाई, पर गुरुजी म्हनले जागा एकच हाय. मग जीभच उचलंना."

रणधीरने माउसवरचे बोट काढून घेतले आणि वरचे लावले.

मी ते बाहेर दिले. तो आवाज निराळा होता. मागे कारखान्याचा भोंगा होता आणि एक मुलगी अजिबात न घाबरता बोलत होती:

"अर्धी गाडी भरली म्हंजे किती मोळ्या झाल्या? आई म्हनती, ह्येच्यात काय विचारायचं? पर विचारायचं हाय. गाडी केवढी, त्येच्यावर हाय ते. ल्हान गाडीची अर्धी आन् मोठ्या गाडीची अर्धी सारखी न्हाय. म्हनून अर्धं म्हनलं की आदी विचारायचं, कशाचं अर्धं? गुरुजी, म्या आमच्या दोन गाड्यांच्या मोळ्या मोजून बघितल्या, तर..."

भाऊ पुढे सरकले होते. आयुष्यभर अपूर्णांक शिकवलेला तो माणूस खुर्चीच्या टोकावर येऊन बसला होता. "तर? तर काय?"

आणि नेमका तेव्हाच माझा श्वास संपला.

ऊन, जुने यंत्र, भिंतींच्या चिरा, सगळे एकदम अंगावर आले. तो आवाज मध्येच तुटला. पडद्यावर चक्र फिरू लागले. 'तर'च्या पुढचे माझ्या हातात होते, मित्रांनो, पण ते वर नेण्याचे बळ माझ्यात नव्हते.

"गेलं का?" भाऊंनी विचारले.

रणधीर उठला. पंचा तर आधीच बाजूला पडला होता. त्याने यंत्राचे झाकण उघडले, टेबलफॅन अगदी जवळ आणला. भाऊ हातातल्या वर्तमानपत्राने वारा घालू लागले. रामकिसनही टोपीने वारा घालू लागला. निकिता पडद्यापुढून हलली नाही. चक्र फिरत होते. सगळे त्या चक्राकडे पाहत होते आणि मी आत सगळी शक्ती लावून त्या मुलीचा आवाज धरून ठेवला होता.

कितीतरी वेळाने मला श्वास सापडला. "...तर धाकटी गाडी थोरलीच्या अर्धीबी न्हवती," असे म्हणून ती मुलगी हसली, आणि आवाज पुढे चालू झाला.

रणधीर खुर्चीत बसला. त्याचा चेहरा उतरला होता. "बाई, म्या हे पुसून टाकणार होतो," तो म्हणाला. मग त्याने ती गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत कुणीच केली नव्हती. त्याने मला प्रश्न विचारला. एकाच कप्प्यात एकाच नावाची कोण कोण आहेत?

मी धडाधडा सांगत सुटलो. बेंबळीत दोन वीरभद्र. एका वाडीवर तीन अस्मिता. आणखी कुठे दोन शौनक. नावे पडद्यावर मावेनात, रणधीर यादी खाली खाली सरकवत राहिला.

"बघितलंस?" भाऊ म्हणाले. "म्हनून सांगत होतो, हात लावू नगस. ऱ्हाऊ दे जुनंच."

"भाऊ," वनमालाबाई म्हणाल्या, "आत्ता वारा कुणाला घालत होतात?"

भाऊंनी हातातल्या वर्तमानपत्राकडे पाहिले. ते घडी करून मांडीवर ठेवले.

"जुनं ठेवलं तर ते एक दिवस उठणारच नाही," बाई म्हणाल्या. "नवं त्याच्यावरच घातलं तर लेकरं जातात. मला दोन्ही नको. तिसरं काय, ते सांगा."

भाऊ सावकाश म्हणाले, "रणधीर, आपला खंडोबा दरसाल काही महिने नळदुर्गाच्या देवळात ऱ्हायला जातो, तवा अणदूरचं देऊळ आपन मोडतो का रं?"

"न्हाय. मोडायचं कशाला? देव परत येतो की."

"मग नवं कोठार जुन्याच्या उरावर कशाला बांधायलास? बाजूला बांध. लॅबमधली एक मशीन घे. सामान तिकडं ने, एकेक पोर पोचलं का बघ. न्हाय पोचलं तर हितलं देऊळ उभंच हाय. सगळी पोचली, की मग ह्येचा दिवा मालवू."

रणधीरने त्यांच्याकडे पाहिले. "भाऊ, तुमी अपग्रेडला हो म्हणताव?"

"म्या कुटं न्हाय म्हनलं व्हतं? म्या पोरं हरवायला न्हाय म्हनत व्हतो."

"अन् सोमवारी काय करायचं?" बाईंनी विचारले.

"सोमवारी ह्याच म्हाताऱ्यावर काम भागवू," रणधीर म्हणाला. "पण एका वेळी एकाच गुरुजीनं वेबसाइट उघडायची. बाकीच्यांनी चहा प्यायचा. अन् भाऊ, पंचा घरी न्यायचा."

या वेळी भाऊसुद्धा हसले.

असे ठरले, मित्रांनो. आज नवा कोठावळा शेजारच्या खोलीत उभा आहे. तरुण आहे, चपळ आहे. चार जणांनी एकदम मागितले तरी त्याला धाप लागत नाही. एका नावाला तो एकच जागा देतो, हा त्याचा स्वभाव. तो वाईट नाही, फक्त त्याच्याकडे प्रत्येकाने आपले पुरे नाव घेऊन जायला हवे. एकेक मूल माझ्याकडून त्याच्याकडे जात आहे. सगळी पोचली, की माझा दिवा मालवेल. त्याचे मला वाईट वाटते का? थोडे वाटते. त्या खोकल्याची मला सवय झाली होती. पण तो खोकलाही तिकडे नीट पोचला आहे, हे रणधीरने ऐकून पाहिले आहे.

तुमच्याकडेही कधीतरी काहीतरी जुने होईल. संगणक असेल, कपाट असेल, एखादी शाळेची खोली असेल. ते बदलावे लागले तर जरूर बदला. मोडकळीला आलेल्यात आपली माणसे कोंडून ठेवू नका. मात्र बदलण्याआधी त्या जुन्याला नीट विचारा, की तुझ्या पोटात कोण कोण आहे. आणि दोन गोष्टी सारख्या दिसल्या, म्हणून त्यांतली एक फेकू नका. ज्यांना त्या ओळखता येतात, अशा कुणाला तरी आधी बोलवा.

आता त्या शनिवारी निकिताने पुढे काय केले, तेवढे सांगायचे राहिले.

वनमालाबाईंनी तिला जवळ बोलावले आणि म्हणाल्या, "तू सांगितलंस ते बरं केलंस, बाळ. पण जागा एकच आहे. ती आता वाढणार नाही. हे तुला कळतंय ना?"

"कळतंय, बाई."

रणधीरने तिच्यासाठी खुर्ची ओढली. "वरच्याला काय नाव देऊ? तूच सांग."

निकिता खुर्चीवर बसली. कळफलकावर एकेक अक्षर शोधत तिने वरच्या नावापुढे 'इरम्माची' असे लिहिले. मग खालच्या नावापुढे 'रामकिसनची'. दोन्ही नावे तिने पुन्हा एकदा वाचून पाहिली. रामकिसन दाराशी पिशवी घेऊन उभा होता. शेवटच्या गाडीला आता थोडाच वेळ उरला होता.

"बाई, तुमचा फोन देताव का? आमचा घरी आईकडं हाय," तिने विचारले.

बाईंनी फोन दिला. विहिरीवरच्या निकिताने जाताना तिला भट्टीवरच्या मुकादमाचा नंबर दिला होता, तो तोंडपाठ होता; तिने लावला. पलीकडे बराच वेळ कुणी उचलले नाही. मग कुणीतरी उचलले, कुणाला तरी हाका मारल्या. निकिता फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून थांबून राहिली.

"निके, म्या बोलतीय, माळावरची," ती म्हणाली. "ऐक. सोमवारी अणदूरला वसतिगृहाची निवड हाय. बाईंनी तुझं ऐकलंय. इरम्माकाकूला घे आन् उद्याच्या पहिल्या यष्टीनं नीघ."